पकडलेली चेनसॉ परत उभी करताना: जुन्या भागांवर इंजिन कसं बांधायचं

रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनचं वादळ येऊन गेलं की केळीच्या बागांबरोबर बांधावरची, रस्त्याकडेची झाडंही आडवी होतात. मग गावात ज्याच्याकडे चेनसॉ आहे त्याला जेवायला फुरसत नसते. त्या धावपळीत कुणी नुसतं पेट्रोल भरतं, कुणी बोथट चेन दाबून दाबून चालवतं, आणि महिन्याभरात बाजारात ‘पिस्टन पकडलेली’, म्हणजे पिस्टन तापून किंवा घासून आत अडकलेली, मशिनं स्वस्तात यायला लागतात. हा लेख असं एखादं मशीन घेऊन, वापरलेल्या भागांवर त्याचं इंजिन पहिल्यांदाच बांधणाऱ्यासाठी आहे. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप ज्यानं एकदा तरी खोलला असेल त्याला यातलं अर्धं ओळखीचं वाटेल, कारण तेही टू-स्ट्रोकच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पिस्टन पकडणं हा रोगाचा शेवट आहे, रोग नाही. पिस्टन आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) बदलून मशीन चालू होतं, आठ दिवस झकास चालतं आणि पुन्हा तिथेच येऊन पकडतं, कारण ज्यानं पहिला पिस्टन मारला तो दोष मशीनमध्ये तसाच बसलेला असतो. म्हणून भाग घ्यायला जाण्याआधी मशीन कशानं मेलं ते शोधायचं. पुढची सगळी मेहनत या एका उत्तरावर अवलंबून आहे.

घेण्याआधी: सायलेन्सर काढून बघा

जुनं मशीन बघायला जाताना खिशात एलन कीचा सेट, प्लगचा पाना आणि मोबाईलची बॅटरी एवढं पुरे. विकणारा म्हणणारच, “फक्त प्लगनी गडबड शे, भाऊ.” म्हणू द्या. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा, हळूच दोरी ओढून पिस्टन वर-खाली करा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारून पिस्टनची भिंत बघा. चांगला पिस्टन गुळगुळीत, राखाडी आणि एकसारखा दिसतो. मेलेल्यावर उभ्या रेघा असतात आणि रिंग कडेला चेपून अॅल्युमिनियममध्ये गाडली गेलेली असते. जो सायलेन्सर काढू देत नाही त्याच्याकडून मशीन घेऊ नका.

मग कार्बोरेटर बाजूला करून इनलेटच्या तोंडातूनही बघा. रेघा कुठे आहेत त्यावरून बरंच कळतं:

- फक्त एक्झॉस्टच्या बाजूला रेघा असतील तर इंजिन तापून मेलं. मिश्रण पातळ झालं होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. बहुतेक वेळा कुठून तरी चोरटी हवा शिरत असते, नाहीतर कार्बोरेटर चुकीचा लावलेला असतो.
- चारी बाजूंनी कोरड्या रेघा आणि आत तेलाचा ओलावाच नाही, तर टूटी ऑईल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑईल, न टाकता नुसतं पेट्रोल चालवलं.
- इनलेटच्या बाजूला बारीक, मळकट रेघा म्हणजे धूळ गेली. आपल्या काळ्या मातीची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की पॉलिश पेपरचं काम करते.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. दुसरा खरं तर सोपा, कारण त्यात दोष माणसाचा असतो, मशीनचा नाही. नुसत्या पेट्रोलवर मेलेलं मशीन मिळालं तर मी आनंदानं घेतो.

मशीन घेताना आणखी दोन गोष्टी बघा. सायलेन्सर काढलेलाच आहे तर क्रँकचं टोक क्लचच्या बाजूला धरून वर-खाली हलवा. तिथे गाळा, म्हणजे सैलपणा, लागला तर बेअरिंग गेलं. आणि क्रँककेस कुठे तडकली आहे का, विशेषतः चेन अडकवायच्या बाजूला. चेन तुटून तिथे आदळते.

भाग कुठून आणायचे

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतात ती चिनी बनावटीची ४५००, ५२०० आणि ५८०० या नावांची मशिनं. नावं वेगवेगळ्या कंपन्यांची, आतला ढाचा जवळपास एकच. त्यामुळे भाग एकमेकांना लागतात, आणि गोंधळही तिथेच होतो. ४५०० चा बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतला व्यास, साधारण ४३ मिलिमीटर, ५२०० चा ४५ आणि ५८०० चा ४५.२. शेवटच्या दोघांतला दोन दशांशाचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण ४५ चा पिस्टन ४५.२ च्या ब्लॉकमध्ये टाकला की खडखड वाजतो आणि कॉम्प्रेशन मिळत नाही. कव्हरवरच्या नावावर विश्वास ठेवू नका. कव्हर कुणीही कुठलंही लावतो. व्हर्नियर घेऊन बोअर मोजा. कंपनीच्या मशिनांतही हेच: स्टिलचं एमएस १७० आणि एमएस १८० बाहेरून सारखंच, पण एकाचा बोअर ३७ आणि दुसऱ्याचा ३८ मिलिमीटर.

भागांसाठी दुसरं बंद मशीन घेणं हा सगळ्यात स्वस्त रस्ता. पण ते दुसरं मशीन वेगळ्या कारणानं मेलेलं हवं. दोन पकडलेली मशिनं घरी आणून एक चालू मशीन होत नाही, भंगार तेवढं दुप्पट होतं. शोधायचं ते झाडाखाली चेंगरलेलं मशीन. हँडल तुटलेलं, टाकी फुटलेली, कव्हरचा चुरा, आणि आत इंजिन एकदम ठणठणीत, कारण ते चालता चालता फांदीखाली गेलं. असं मशीन बघून लोक तोंड फिरवतात. तुम्ही फिरवू नका.

वापरलेलं काय चालतं? क्रँककेस, क्रँक, ब्लॉक, मॅग्नेट (चुंबक असलेलं चाक), क्लच, सायलेन्सर, ऑईल पंप, हँडल, सगळं बॉडीचं सामान. कॉइलही चालते, पण ती तापल्यावर दगा देते. गार असताना ठिणगी छान, पंधरा मिनिटांनी गायब. म्हणून शक्य असेल तर ज्या मशीनची कॉइल आहे ते तापवून बघा.

नवीनच लागतं ते: रिंगा, गजन पिनचे (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचे) लॉक, दोन्ही ऑईल सील, सगळ्या पॅकिंग, पेट्रोलची नळी, पेट्रोल फिल्टर, कार्बोरेटरचा पडद्यांचा किट आणि प्लग. हे सगळं मिळून फार पैसे होत नाहीत आणि इथे वाचवलेला रुपया पुढे ब्लॉकच्या किमतीत जातो. रबराची कुठलीही वस्तू जुनी वापरायची नाही. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि जुन्या मशिनांच्या नळ्या, पडदे, सील त्या हिशेबानं केलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात.

पिस्टनबद्दल माझं मत असं: चिनी मशीनला नवा पिस्टन घ्या, स्वस्त आहे. कंपनीच्या मशीनला मात्र बाजारातल्या नव्या डुप्लिकेटपेक्षा कंपनीचाच वापरलेला, रेघ नसलेला पिस्टन आणि त्यावर नवी रिंग हे जास्त टिकतं. पिस्टन ज्या ब्लॉकमधून निघाला त्याच ब्लॉकबरोबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. बदलताना नुसता बोअर जुळवू नका. गजन पिनची जाडी आणि पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंचीही जुन्याशी ताडून बघा.

सगळ्या भागांची बेरीज नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर गेली तर मी तरी हात लावत नाही.

खोलणं

आधी चेन-बार काढा, मग ब्रशनं बाहेरचा भुसा-तेलाचा थर रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवा. घाणेरडं मशीन खोललं की ती सगळी घाण क्रँकमध्ये जाते. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलनं फोटो काढा. बोल्ट पुठ्ठ्यावर मशीनचा आकार काढून जागच्या जागी खोचा, कारण लांबीत थोडाथोडा फरक असतो आणि लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर केस फोडतो.

क्लचला उलटे आटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यामुळे किती क्रँकची टोकं तुटली असतील त्याला गणती नाही. क्लच सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून दोरी आत भरायची. पण आधी पिस्टन वर आणून एक्झॉस्टचं तोंड पूर्ण झाकलं आहे याची खात्री करा, आणि मगच दोरी भरा. नाहीतर दोरीचा फास त्या तोंडात जातो आणि पिस्टनची कड तो कात्रीसारखा कापते; तुकडा सायलेन्सरच्या बाजूला राहतो. लोखंडी पट्टी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन अडवू नका, माथ्याला भोक पडतं.

मॅग्नेटचा नट मात्र बहुतेक मशिनांत सरळ आट्याचा असतो. मॅग्नेट काढल्यावर त्याची चावी बघा. ती अर्धी कातरलेली असेल तर ठिणगीचं टायमिंग सरकलेलं होतं, आणि कदाचित तेच तुमच्या मशीनच्या मरणाचं कारण.

एमएस १७०-१८० सारख्या मशिनांत इंजिन खालून दोन भागांत उघडतं, वेगळं ब्लॉक पॅकिंग नसतं. तिथे बसवताना पेट्रोलला टिकणारं सीलंट लागतं. साधं खिडकीचं सिलिकॉन तिथे चालत नाही.

ब्लॉक वाचवायचा का?

इथे थोडं थांबू, कारण अर्धे चांगले ब्लॉक नवखी माणसं विनाकारण फेकतात आणि अर्धे मेलेले बसवतात.

या ब्लॉकना आत लोखंडी बाही नसते. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा पातळ, अतिशय कडक थर दिलेला असतो. पिस्टन पकडतो तेव्हा पिस्टनचं मऊ अॅल्युमिनियम वितळून या थरावर चिकटतं. दिसताना ब्लॉक ‘चिरला’ असं दिसतं, पण पुष्कळदा ती चीर नसते, वरून चढलेला लेप असतो. नख आडवं फिरवा: नख उचललं जातं तर लेप, नख खाली पडतं तर खड्डा.

लेप काढायला कॉस्टिक सोडा वापरा. संडास साफ करायचं अॅसिडही अॅल्युमिनियम खातं, पण ते क्रोमचा थरही खातं आणि आपल्या चिनी ब्लॉकांत क्रोम पुष्कळ असतो, म्हणून मी अॅसिडच्या वाटेला जात नाही. हातमोजे आणि डोळ्याला चष्मा, उघड्या हवेत, आसपास बिडी-काडी नको, कारण यातून हायड्रोजन निघतो. प्लास्टिकच्या कपात थोडं पाणी घेऊन त्यात एक चमचा सोडा टाका. पाण्यात सोडा, सोड्यावर पाणी कधीही नाही, अंगावर उसळतं. कान साफ करायची काडी बुडवून फक्त रेघेवर लावा.

लगेच बारीक फेस येतो आणि तो काळसर-राखाडी होत जातो. मिनिटभरानं पुसा, पाण्यानं धुवा, पुन्हा लावा. पोर्टच्या, म्हणजे एक्झॉस्ट-इनलेटच्या तोंडांच्या, कडांपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहा, तिथे थर संपतो आणि उघडं अॅल्युमिनियम सुरू होतं. तीन-चार वेळा केल्यावर एक क्षण येतो: काडी लावली तरी फेस येत नाही. लेप संपला, खाली थर शाबूत आहे, ब्लॉक वाचला.

आणि रेघ निघून गेल्यावरही एखाद्या ठिपक्यावर फेस येतच राहिला, तर तिथला थर गेला आणि खालचं अॅल्युमिनियम उघडं पडलं आहे. तो ब्लॉक भंगारात. पॉलिश करून, घासून काही होत नाही. लेथवाला ‘बोअर मारून देतो’ म्हणेल तर नको म्हणा. थर काढून टाकला की पिस्टन उघड्या अॅल्युमिनियमवर घासेल.

वाचलेला ब्लॉक भरपूर पाण्यानं, मग साबणाच्या पाण्यानं धुवून लगेच टूटी ऑईल लावा. शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून तिरका-आडवा हलका फिरवला की रिंगेला धरायला पृष्ठभाग मिळतो. होनिंगचे दगड वापरू नका.

क्रँक, बेअरिंग, सील

कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढा. तिथे गाळा शून्य हवा. आडवा थोडा हलला तर चालतं, तसाच बनवलेला असतो. वरच्या टोकाच्या सुई-बेअरिंगची प्रत्येक सुई बघा, निळी पडली असेल तर ते तापलं होतं, बदला.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो तो वाचून तोच मागा आणि सोबत सी३ म्हणा. सी३ म्हणजे आतला गाळा किंचित जास्त, ज्यामुळे तापल्यावर बेअरिंग आवळत नाही. हे इंजिन मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं, साध्या बेअरिंगचं तिथे काम नाही. रबराची झाकणं असलेलं बेअरिंग मिळालं तर झाकणं काढा आणि आतलं ग्रीस धुवून टाका, कारण या बेअरिंगला तेल पेट्रोलच्या मिश्रणातून मिळतं.

बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवू नका. क्रँककेसचा रिकामा अर्धा भाग तव्यावर तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्र करून नाचायला लागला की पुरे. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं असेल तर ते आपसूक आत सरकतं. घरच्यांना आधी सांगून तवा जुना घ्या.

ऑईल सीलचं तोंड, म्हणजे स्प्रिंग असलेली बाजू, इंजिनच्या आत. ओठाला ग्रीस लावा आणि क्रँकच्या टोकाच्या आट्यांवर गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून मगच सील सरकवा. सील चिरली की पुढची सगळी मेहनत पाण्यात.

पिस्टन आणि रिंग

रिंग आधी रिकाम्या बोअरमध्ये टाका, पिस्टन उलटा धरून तिला दोन-अडीच सेंटिमीटर खाली सरळ ढकला आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. ४५ च्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम, अर्ध्याच्या पुढे गेली तर रिंग बदला किंवा बोअरवर शंका घ्या.

पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, त्याचं टोक एक्झॉस्टकडे. गजन पिनचे लॉक नवे, आणि त्यांचं उघडं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली, आडवं नाही. लॉक घालताना क्रँकच्या तोंडात फडकं कोंबा. उडालेला लॉक नेमका तिथेच जातो.

रिंगेच्या खाचेत एक बारीक खुंटी असते. रिंगेची दोन्ही टोकं त्या खुंटीच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत. पिस्टनखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून तो टेका, भरपूर टूटी ऑईल लावा, रिंग बोटांनी दाबत ब्लॉक खाली उतरवा. अडलं तर जोर करू नका, वर घ्या आणि खुंटी बघा. ब्लॉक बसल्यावर एक्झॉस्टच्या तोंडातून आगपेटीच्या काडीनं रिंग हळूच दाबा. दबून परत उसळली तर बरोबर बसली. दगडासारखी घट्ट वाटली तर चेपली आहे, उघडा.

वेगवेगळ्या मशिनांचे भाग एकत्र केले असतील तर आणखी एक तपासणी हवी. सोल्डरची एक मिलिमीटरची तार प्लगच्या भोकातून भिंतीपर्यंत घाला, मॅग्नेट हातानं एक पूर्ण फेरा फिरवा आणि चेपलेली तार मोजा. अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी जाडी आली तर पिस्टन माथ्यावर आपटण्याची भीती. जाड पॅकिंग घाला. तार चेपलीच नाही तर कॉम्प्रेशन मिळणार नाही, पिस्टन चुकीचा आहे.

बोल्ट आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

चोरटी हवा शोधणं

बहुतेक मेकॅनिक हा टप्पा गाळतात, आणि मशीन परत येतं ते इथूनच. सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर सायलेन्सर आवळा. इनलेटही तसंच बंद करा. जुना प्लग घ्या, पोटातलं चिनी मातीचं फोडून काढा आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह एम-सीलनं पक्का बसवा. त्याला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडा. ते घड्याळ ३०० पर्यंत जातं, म्हणजे साधारण ०.४ बार. आपल्या कामाला तेवढं पुरतं. सायकलचा पंप वापरू नका, एका दाबात नवे सील उपटून बाहेर येतील.

पिस्टन खाली ठेवून २८० च्या आसपास हवा भरा. काटा मिनिटभर जागचा हलू नये. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत फिरा: ब्लॉकचं पॅकिंग, दोन्ही सील, केसचा जोड, इनलेटचं रबर. क्रँक हळूहळू फिरवत बघा, सील काही वेळा एकाच जागी गळते. इनलेटचं रबर वाकवून, ताणून बघा, सरळ असताना त्याची चीर दिसत नाही. मी तर म्हणेन की जुनं मशीन खोलण्याआधीही ही चाचणी एकदा करा. पिस्टन का मेला याचं उत्तर बहुतेक वेळा बुडबुड्यांच्या रूपात समोर येतं.

ठिणगी आणि कार्बोरेटर

मॅग्नेट आणि कॉइल यांच्यात ०.३ मिलिमीटर अंतर ठेवायचं. एक विझिटिंग कार्ड मध्ये घालून मॅग्नेटला कॉइल ओढून घेऊ द्या, बोल्ट आवळा, कार्ड काढा. प्लगची फट अर्धा ते ०.७.

कार्बोरेटर उघडून पडदे बदला, आतली बारीक जाळी साफ करा. भोकात तार घालू नका, स्प्रे मारा. पेट्रोलचे दोन स्क्रू असतात, एच (फुल रेसचा) आणि एल (कमी रेसचा). दोन्ही हलक्या हातानं पूर्ण बंद करून मग सव्वा फेरा उघडा, सुरू व्हायला एवढं पुरतं.

पेट्रोल-ऑईलचं प्रमाण: चिनी मशीनला २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिलीलिटर. स्टिल, हस्कवर्नासारख्यांना त्यांच्या चांगल्या ऑईलवर ५० ला १, लिटरला २० मिलीलिटर. ऑईलच्या डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी हा दर्जा लिहिलेला बघा. बाटलीत आधी मिसळा, मग टाकीत ओता. टाकीत ऑईल टाकून मशीन हलवणं म्हणजे मिसळणं नव्हे.

पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

दोरीचं हँडल धरून मशीन लटकवा. ते झटक्यात खाली आलं तर कॉम्प्रेशन कमी. थांबत थांबत, फुस फुस करत उतरलं तर चांगलं. गेज असेल तर १२० ते १५० पीएसआय दिसायला हवं.

सुरू झाल्यावर पाच मिनिटं मध्यम गतीवर चालवून बंद करा, गार होऊ द्या, ब्लॉकचे बोल्ट पुन्हा बघा. मग चेन लावून ट्यूनिंग. एल स्क्रूनं असं जमवा की रेस दिल्यावर अडखळायला नको. स्लो स्क्रूनं, म्हणजे रेस न देता इंजिनची गती ठरवणाऱ्या वेगळ्या स्क्रूनं, चेन थांबलेली राहील एवढीच गती. एच साठी कानावर भरवसा: रिकामं फुल रेसला मशीन थोडं ‘भर्र-भर्र’ असं फाटकं वाजलं पाहिजे, आणि लाकडात घातल्यावर तोच आवाज साफ व्हायला हवा. रिकामं असतानाच शिट्टीसारखं कर्कश वाजत असेल तर मिश्रण पातळ आहे, एच पाव फेरा उघडा. लोकांना तो कर्कश आवाज ताकदीचा वाटतो. तो मरणाचा आवाज आहे.

आपल्याकडच्या हवेचा इथे वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात ४५ अंशाच्या उन्हात हवा विरळ असते, त्या दिवशी लावलेला एच डिसेंबरच्या पहाटे, पारा दहाच्या खाली असताना, पातळ पडतो, कारण थंड हवा दाट असते आणि पेट्रोल तेवढंच राहतं. २० टक्के इथेनॉलनंही मिश्रण पातळपणाकडेच झुकतं. म्हणून उन्हाळ्यात बांधलेलं मशीन थंडीत पहिल्यांदा काढाल तेव्हा एच थोडा उघडून पुन्हा ऐका.

पहिल्या दोन-तीन टाक्या रिकामं फुल रेस करायचं नाही, पातळ लाकूड कापा. वाळलेली बाभूळ किंवा अंजन पहिल्याच दिवशी घेऊ नका. चेन धारदार हवी. कापताना लाकडाचे तुकडे पडायच्या ऐवजी पीठ पडत असेल तर माणूस मशीन दाबतो आणि इंजिन तापतं. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, लहान मशीनच्या तीन अष्टमांश लो-प्रोफाइल चेनला ४ ची.

कामाला नेण्याआधी चेन ब्रेक रेस देऊन तपासा. हँडगार्ड पुढे ढकलल्याबरोबर चेन जागच्या जागी थांबली पाहिजे, नाहीतर ते मशीन अजून तयार नाही. आणि झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी साग, आंबा, चिंच, मोह, खैर, जांभूळ, अंजन यांसारखी झाडं १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी आधी काढा.

काम संपल्यावर मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलचं पेट्रोल पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं, ते कार्बोरेटरच्या तळाशी बसतं आणि नव्यानं टाकलेले पडदे वर्षभरात पुन्हा बदलावे लागतात.